मदत हवी आहे: थर्स्कमधल्या घरजागेची जुनी मालकी कशी शोधायची?

चौकट: यॉर्कशरमधल्या थर्स्क या बाजारगावात चौकालगतच्या एका घरजागेची मालकी १७५० पर्यंत मागे न्यायची आहे. लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्यात आजच्याच मालकाचं नाव आहे. टाइद (चर्चला द्यायच्या धर्मकराचा) नकाशा उपयोगी पडेल का?

दप्तरी: गावठाणासाठी फारसा नाही. १८३६ च्या कायद्यानंतरचे ते नकाशे धर्मकर ठरवण्यासाठी होते. भर शेतजमिनीवर, घरं पुष्कळदा एकाच क्रमांकात गोळा केलेली. पण थर्स्क नॉर्थ रायडिंगमध्ये, म्हणजे यॉर्कशरच्या जुन्या उत्तर विभागात येतं, ही मोठी जमेची बाजू. तिथे १७३६ पासून दस्तनोंदणी होती, जी इंग्लंडच्या बहुतेक परगण्यांत नव्हतीच. ती पुस्तकं नॉर्थॅलर्टनच्या अभिलेखागारात आहेत.

एक मालक माहीत झाला की त्या पुस्तकांच्या सूचीत त्याचं नाव काढा, नोंद वाचा, आणि त्यातला विकणारा आधीच्या नोंदीत घेणारा म्हणून शोधा. नोंद म्हणजे पूर्ण दस्त नव्हे, गोषवारा. तारीख, पक्षकार, मिळकतीचं वर्णन आणि साक्षीदार मिळतील. किंमत बहुधा नाही.

इथे हमखास फसगत होते: आदल्या दिवशीचा एक वर्षाचा भाडेपट्टा आणि दुसऱ्या दिवशीचं हक्कसोड. ही जोडी दिसली की ती भाडेकरूची नोंद समजू नका, ती बहुधा विक्रीच असते. गहाणखतही वरवर विक्रीसारखंच वाचलं जातं, म्हणून परतफेडीची अट आहे का ते बघा.

चौकट: पण सुरुवात करायला एका मालकाचं नाव कुठून मिळवू?

मोजणीदार: १९१० च्या जमीन मूल्यांकनातून. लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आधी नकाशावर घराचा क्रमांक बघा, मग आयआर ५८ मालिकेतली क्षेत्रपुस्तिका मागवा. मालक, राहणारा, इमारतीचं वर्णन असं सगळं त्यात असतं. शेजारचं सोवर्बी थर्स्कच्याच पॅरिशमधलं (चर्चच्या हद्दीतलं), पण वेगळं टाउनशिप, म्हणजे पॅरिशमधला स्वतंत्र गावविभाग. घर त्या बाजूला असेल तर शोध त्या नावाने घ्या.

जुन्या दस्तात घरक्रमांक नसतो, चतुःसीमा असते, आणि तिच्यात मेलेल्या शेजाऱ्याचं नावही तसंच पुढे ओढलेलं असतं. तेवढ्यावरून वर्ष ठरवू नका. ‘बर्गेज’ (गावातली जुन्या खास हक्काची घरजागा) हा शब्द आला तर टिपून ठेवा: थर्स्कमध्ये संसदेच्या निवडणुकीतला मताचा हक्क त्या जागांना जोडलेला होता, म्हणून फ्रँकलंड घराण्याने त्यांतल्या बहुतेक आपल्या ताब्यात घेतल्या होत्या.

दप्तरी: साखळी तुटली तर वारसाहक्क असण्याची शक्यता जास्त. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत जात; यॉर्कच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये बघा.