गाडीत शिरलेले उंदीर : तुमचे अनुभव लिहा

गिरणाकाठ
काल सकाळी गाडी चालू केली तर समोर इंजिनाचा पिवळा दिवा, आणि एसी लावल्याबरोबर ओल्या गोणपाटाचा वास. चार दिवस गाडी हलली नव्हती (ह्यांना ताप, मला पेपर तपासायचे). कशीबशी गॅरेजपर्यंत नेली. मिस्त्रीने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि मला हाक मारली, "ताई, इकडे या, पाव्हणे आलेत."

वाटीएवढं घरटं. बोनेटच्या आतला काळा फोम कुरतडलेला, त्यात कापूस, शेंगांची टरफलं आणि कागदाच्या चिंध्या. एक चिंधी उलटून पाहिली तर आमचं पीयूसी! म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यापर्यंत ये-जा होती. मधोमध चार पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेले, बोटाच्या पेराएवढी. पोटातलं दूध कातडीतून पांढरं दिसत होतं. मिस्त्री म्हणाला, "काय करू ताई?" आणि मला बोलताच येईना.

कारण मला आप्पांची राजदूत फटफटी आठवली. आमचं गाव पारोळा तालुक्यातलं. दिवाळीनंतर पुढची खोली कापसाने छतापर्यंत भरलेली असायची, भाव चढेपर्यंत नाहीतर सरकारी खरेदीच्या फेडरेशनला नंबर लागेपर्यंत. आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो, मग अंगाला खाज, मग आईचा मार. त्या खोलीच्या दाराशीच राजदूत उभी. आप्पा म्हणजे तापट माणूस, बैल अडला तरी शिव्या, आम्ही अडलो तर त्याहून जास्त. एके दिवशी पान्हा काढायला त्यांनी टूलबॉक्सचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि झाकण लावून टाकलं. त्या दिवसापासून माणूस एसटीने तालुक्याला जायला लागला. आजी विचारायची, "फटफटी बिघडनी का रे?" तर नुसतं "हां". तीन आठवडे. मला मात्र एकदा संध्याकाळी हळूच झाकण किलकिलं करून दाखवलं होतं, "हात लावू नको" म्हणून. पिल्लं पळाल्यावर किक मारली तेव्हा सायलेन्सरमधून भुईमुगाची फोलपटं अंगणभर उडाली आणि सीट उचलली तर खालून सगळी पोखरलेली. तेव्हा आप्पांनी उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तो वेगळा.

बिल ४,८००. तुमचे किस्से लिहा. उपायही चालतील, पण आधी किस्से.

चिवडा
पहिला नंबर! पिल्लांचं काय केलं पण??

तिखटमीठ
वाचलं गं. भाकरी टाकायच्यात, रात्री लिहिते. माझा किस्सा मोठा आहे आणि वासाचा आहे.

भुसावळजंक्शन
४,८०० म्हणजे स्वस्तात सुटलात ताई. मी रेल्वेत, गाडी क्वार्टरसमोर आठ दिवस उभी. येऊन सेल्फ मारला तर टक् पण नाही. वायरिंगचा अख्खा जुडगा नवीन टाकायचा तर २६,००० सांगितले. मी म्हटलं जोड दे. दिला त्याने ३,००० मध्ये. पावसाळ्यात वायपर लावला की हॉर्न वाजायचा. नाहाटा चौफुलीवर लोक वळून शिव्या द्यायचे. विकली शेवटी. ज्याने घेतली तो पण रेल्वेतलाच आहे, अजून बोलत नाही.

साक्रीकर
मन्ही गाडीनी बी वायर खाई टाकी भो. घरमा भाकर शे, तरी वायरच गोड लागस त्यासले.

पान्हा_१०_११
गॅरेज लाईनमध्ये १८ वर्षं आहे म्हणून लिहितो. उंदीर भूक लागली म्हणून वायर खात नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, काहीतरी कुरतडून झिजवले नाहीत तर त्याचं तोंडच मिटणार नाही. त्यात इंजिन बंद केल्यावर दोन-तीन तास ऊब, वर बोनेटचं छप्पर, खालून उघडं. अजून काय पाहिजे? अंगठा जाईल एवढ्या भोकातून मोठा उंदीर जातो. लहानाला तर पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं.
आमच्याकडे जास्त काम फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, गहू-हरभरा निघाला की शेतातले उंदीर घराकडे सरकतात. दुसरा सीझन पावसाळा, बिळात पाणी भरलं की.
आठवड्यातून एकदा बोनेट उघडून फक्त चार गोष्टी बघा: लेंड्या, फोमचा भुगा, एअर फिल्टरचा डबा, आणि काच धुवायच्या पाण्याची नळी. उंदीर पहिल्यांदा ती बारकी नळीच तोडतो. पेट्रोलचा वास आला तर मात्र सेल्फ मारू नका, गाडी ढकलत न्या. पेट्रोलचा पाईप पण रबराचाच असतो.

निवांत
हल्लीच्या वायरींवर सोयाबीनपासून केलेलं आवरण असतं म्हणून खातात म्हणे. जुन्या गाड्यांना असं नव्हतं.

पान्हा_१०_११
@निवांत मग वरच्या ताईंच्या राजदूतची सीट काय सोयाबीनची होती का दादा 😄 जुन्या जीपच्या वायरी पण मीच जोडल्यात.

निवांत
बरं बाबा.

पाटील_रावेरकर
आमच्याकडे गाडीपेक्षा ट्रॅक्टर आणि ठिबक. केळीच्या बागेत उन्हाळ्यात उंदीर आणि खारी ठिबकच्या नळ्या तोडतात, पाण्यासाठी. ४५ डिग्रीत त्यांनी तरी काय करावं. वडिलांनी बांधावर जागोजागी मडक्याच्या खापरीत पाणी ठेवायला सुरुवात केली, नळ्या तुटणं बरंच कमी झालं. तेच मी शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी करून बघितलं. पाणी पण प्यायले आणि सेल्फची वायर पण खाल्ली.

मधलीआळी
@गिरणाकाठ गाडी कुठे लावता? आमची घराच्या मागे पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी असायची. जाऊबाईंनी चुलीसाठी रचून ठेवलेला ढीग, दोन वर्षं कोणी हलवला नाही. एक दिवस भरीत करायचं म्हणून खालच्या काड्या ओढल्या तर आतून घूस निघाली, मांजराएवढी! मांजर घाबरून माळ्यावर. ढीग हलवला, गाडीला त्रास बंद. तंबाखू, डांबर गोळ्या, सगळं त्याआधी करून झालं होतं.

चिवडा
भरीत कपाशीच्या पऱ्हाटीवरच व्हायला पाहिजे. इथे पुण्यात गॅसवर भाजतात आणि वरून दही घालतात. दही!!

मधलीआळी
@चिवडा अरे देवा. वांगी तरी आसोद्याची मिळतात का?

चिवडा
कुठली. मागच्या महिन्यात मामा आले तेव्हा पाच किलो आणली, बसच्या डिकीत. त्या पिशवीला पण उंदरांनी भोक पाडलेलं, म्हणजे मी विषयाला धरूनच बोलतोय.

आनंदी_धुळे
तंबाखूचा उपाय आमच्या ह्यांनी केला. पुड्या सोडून बोनेटमध्ये चार कोपऱ्यांत. दुसऱ्या दिवशी तंबाखू गायब. उंदराने खाल्ली की ड्रायव्हरने, ते कळलं नाही.

साक्रीकर
😂 चुना ठेवाले जोयजे व्हता

आनंदी_धुळे
@साक्रीकर कोन्ता गावना शेतस भाऊ? मन्हं माहेर पिंपळनेर.

साक्रीकर
अरे व्वा बहीण, मग तर घरनंच माणूस. कानबाईले येतीस का?

आनंदी_धुळे
दरसाल. कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला तरी यावंच लागतं.

तिखटमीठ
आले. तर वासाचा किस्सा.
मे महिना, जळगाव, नणंदेच्या मुलाचं लग्न चाळीसगावला. आदल्या आठवड्यात दिरांनी गाडीत औषधाचे खडे ठेवले, पाकिटावर लिहिलेलं की उंदीर खाऊन बाहेर जाऊन मरतो. आमचा उंदीर निरक्षर निघाला. एसीच्या पंख्याजवळ कुठेतरी मेला. लग्नाच्या दिवशी सात माणसं, बाहेर ४४, आणि एसी लावला की... काच उघडली तर गरम झळ, बंद केली तर तो वास. सासूबाई पदर नाकाला लावून "कोणाच्या पायाला काय लागलं बघा गं" म्हणून सगळ्यांच्या चपला तपासायला लावत होत्या. पाचोऱ्यात थांबून गजरे घेतले, प्रत्येकीने दोन-दोन, आणि नाकापाशी धरून बसलो. मोगरा आणि मेलेला उंदीर. अजून कोणी गजरा दिला की माझ्या पोटात ढवळतं. डॅशबोर्ड खोलायचे वेगळे २,२०० लागले. औषध गाडीत ठेवू नका, एवढंच सांगते.

गिरणाकाठ
@तिखटमीठ गजरे!! मी स्टाफरूममध्ये एकटीच हसतेय, लोक बघतायत.

शेतकरी_चोपडा
औषधाचे खडे कशाला, धान्यात टाकायची गोळी मिळते ती एक बोनेटमध्ये टाका, एका रात्रीत साफ.

पांढराकोट
@शेतकरी_चोपडा दादा, हे अजिबात करू नका आणि कोणाला सांगू पण नका. ती गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो, बंद गाडीत बसलेला माणूस मरू शकतो. त्याच्यावर उतारा नाही. मी दवाखान्यात नर्स आहे, पेशंट डोळ्यासमोर गेलेत.
आणि एक, लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं भिजू द्या, हातमोजे आणि मास्क घालून ओल्या फडक्याने पुसा. फडकं फेकून द्या. उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, हाताला कापलेलं असेल तर जास्त जपा.

शेतकरी_चोपडा
बरं झालं सांगितलं ताई. कोठीत ठेवलेली आहे, आजच पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवतो.

नोकोम
इन्शुरन्सचं कोणी बोललं नाही. माझा क्लेम मिळाला, साडूचा नाही मिळाला. थर्ड पार्टीच असेल तर विषयच संपला. स्वतःच्या गाडीचा पूर्ण विमा असेल तर पॉलिसी वाचा, आणि मिस्त्रीने हात लावायच्या आधी फोटो काढून कंपनीला कळवा. साडूने आधी दुरुस्ती केली, मग फोन. पण चार-पाच हजारासाठी क्लेम करू नका. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) पहिल्या वर्षी २० टक्के असतो, पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० पर्यंत जातो, तो घालवून बसाल.

शहादा_एक्सप्रेस
उंदीर परवडले. आमच्या गाडीत उंदराच्या मागे धामण आली. बोनेट उघडलं तर बॅटरीवर वेटोळं. काका म्हणाले नाग आहे, मी म्हटलं काही असो, मी पळतोय. सर्पमित्र आला, दोन मिनिटांत पिशवीत घातली, म्हणे बिनविषारी आहे, राहू दिली असती तर तुमचे उंदीर तिनेच संपवले असते. राहू दिली असती! आईने महिनाभर गाडीत पाय ठेवला नाही.

निवांत
कोणी ते आवाजाचं यंत्र लावलंय का, उंदरांना ऐकू येतं आणि आपल्याला नाही ते?

भुसावळजंक्शन
लावलं होतं. त्याचीच वायर खाल्ली.

पान्हा_१०_११
त्यापेक्षा बारीक लोखंडी जाळी आणा, हार्डवेअरवाल्याकडे मिळते. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि एसीची हवा जिथून आत घेते तिथे कापून बसवून घ्या, गरम पाईपला आणि फिरत्या पट्ट्याला लागू देऊ नका. हवा जाते, उंदीर जात नाही. आणि रात्री बोनेट उघडं ठेवा. उजेड-वारा आला की त्याला घर वाटत नाही. गाडी रोज थोडी फिरवाल तर सगळ्यात उत्तम.

मीनल_अमळनेर
गाडीत पोरांना कुरकुरे देणं बंद करा हो आधी. आमच्या सीटखाली अख्खा चिवडा होता (आयडी नव्हे).

चिवडा
ऑं? मी कधी बसलो तुमच्या गाडीत? बाकी @गिरणाकाठ, तिसऱ्यांदा विचारतोय, पिल्लं??

मधलीआळी
दुसऱ्यांदा.

गिरणाकाठ
सांगते रे. मिस्त्रीने घरटं तसंच उचलून स्पार्क प्लगच्या खोक्यात ठेवलं, गॅरेजच्या मागे टायरच्या ढिगाआड. संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तेव्हा खोकं रिकामं होतं. आई घेऊन गेली की मांजर, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आप्पा असते तर त्यांनी काय केलं असतं, ते मला माहीत आहे. पण मला आठ वाजता शाळेत पोचायचं असतं आणि आमच्या गावाकडे येते तशी एसटी इथे दारात येत नाही.

जाळी बसवून घेतली. पीयूसी नवीन काढलं, तिथल्या पोराला सांगितलं उंदराने खाल्लं, तर म्हणे "मॅडम, वहीचं ऐकलं होतं."
आज रात्री बोनेट उघडं ठेवून बघते.

गिरणाकाठ
सकाळची बातमी. बोनेट बंद होतं. म्हटलं वाऱ्याने पडलं असेल. दुपारी समोरचे काका भेटले, म्हणाले, "बेटा, बोनेट उघडंच विसरली होतीस, रात्री उठून लावून टाकलं. काळजी करू नको, मी रोज बघत जाईन."

तिखटमीठ
😂😂😂 काकांना गजरा पाठव.

मधलीआळी
भरीत पाठव. दह्याशिवाय.