घरपट्टीसोबत ग्रंथालय कर घ्यावा का? जिल्ह्याचं एक ग्रंथालय प्राधिकरण हवं का?

वाचनवेल:
गावच्या ‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सर्वात खालच्या वर्गातल्या वाचनालयाचा मी ७ वर्षं चिटणीस आहे. अनुदानाचा हप्ता लांबला की ग्रंथपालाचा पगार अडतो. मग आधी वर्तमानपत्रं बंद करतो. आपल्या १९६७च्या ग्रंथालय कायद्यात कराची तरतूदच नाही. तामिळनाडूत १९४८च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथालय प्राधिकरणं, म्हणजे कराच्या पैशातून वाचनालयं चालवणारी मंडळं आली. तिथे घरपट्टीच्या रुपयामागे १० पैसे ग्रंथालय कर आहे. घरपट्टी १,००० असेल तर वर्षाला १०० रुपये. आपल्याकडेही हे व्हायलाच हवं.

करदाता_नाशिक:
माझा विरोध. शहरात घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आधीच आहे, दुकानं-कार्यालयांना वर रोजगार हमी करही. शिवाय बंगळूरचं काय झालं? महापालिकेने लोकांकडून ग्रंथालय कर घेतला आणि ग्रंथालय खात्याचे कोट्यवधी रुपये थकवले. इथे वेगळं होईल याची हमी कोण देणार?

जुनी_पोथी:
मला भीती वेगळीच वाटते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. दोन्ही लोकांनी काढली, लोकांनी जपली. उद्या जिल्ह्याच्या कचेरीतून एकाच यादीतल्या पुस्तकांचे गठ्ठे यायला लागले, तर आमच्या वाचकांना काय हवंय हे कोण विचारणार?

वाचनवेल:
पोथीताई, तुमची भीती खरी आहे. म्हणून मला केरळची पद्धत जास्त पटते. तिथेही घरपट्टीवर कर आहे, तरी वाचनालयं लोकांचीच राहिली. तालुका, जिल्हा आणि राज्य ग्रंथालय परिषदेवर त्यांचेच प्रतिनिधी निवडून जातात. दादा, बंगळूरचा मुद्दा मान्य. कर पालिकेच्या तिजोरीत पडून राहता कामा नये, थेट प्राधिकरणाच्या खात्यात जमा व्हावा. कायद्यातच तसं लिहून घेऊ.

करदाता_नाशिक:
पण गावाची घरपट्टी ती किती! जिल्ह्याचं एकच खातं म्हणजे शहराच्या पैशावर गावची वाचनालयं चालणार. हे स्पष्ट बोला.

वाचनवेल:
हो, स्पष्टच बोलतो. आमच्याकडे अभ्यासिका नाही, म्हणून पोलीस भरतीची, एमपीएससीची मुलं तुमच्याच शहरात कॉट बेसिसवर राहतात. खोलीभाडं, मेस आणि वर अभ्यासिकेची फी. सोयाबीनचे पैसे त्यातच जातात. गावात रात्री १०पर्यंत उघडी राहणारी एक खोली आणि २० खुर्च्या मिळाल्या, तर त्यातली निम्मी मुलं घरी राहून अभ्यास करतील.

जुनी_पोथी:
पुस्तकं निवडायचा हक्क आमच्या कार्यकारिणीकडे राहणार असेल, तर कराला माझी हरकत नाही. तेवढं मात्र लेखी हवं.