पालिकेने बांधकाम परवानगी नाकारली की थेट हायकोर्ट? घाई करू नका

भुसावळकर (धागाकर्ता):
काल इथे कुणीतरी छातीठोक लिहिलं, "पालिकेने नकार दिला की अपिलाच्या भानगडीत पडू नका, सरळ हायकोर्टाच्या खंडपीठात रिट (सरकारी आदेशाविरुद्धची याचिका) टाका." वाचून रात्री झोप लागली नाही. हाच सल्ला ऐकून माझ्या भावाचं नुकसान झालंय.

पालिकेचं पत्र अडीच ओळींचं होतं. "जागा विकास योजनेतील १२ मीटर रस्त्याने बाधित होत असल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे." आम्ही तडक संभाजीनगरचं खंडपीठ गाठलं. दोन-तीन तारखांनंतर कोर्टाने एवढंच विचारलं, नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी, १९६६) कलम ४७ चं अपील का केलं नाही? याचिका मागे घ्यावी लागली. पत्र हातात पडल्यापासून ४० दिवसांत सरकारकडे अपील करायचं असतं, ते दिवस तोवर उलटून गेले होते. कलम १४९ मुळे दिवाणी दाव्याचा रस्ताही बंद. आधी अपील करा, कोर्ट कुठे पळून जात नाही.

धुळेकर आप्पा:
लोकांना घाबरवू नका. मी थेट रिट केली आणि जिंकलो. माझ्या पत्रात "नियमात बसत नाही" इतकंच होतं. नकाराची कारणं आदेशात लिहिलीच पाहिजेत, कलम ४५ तेच सांगतं. कोर्टाने आदेश रद्द केला. मंत्रालयात अपील म्हणजे फाईल गाडून ठेवणं. कोण बघतंय तिकडे?

शहादेकर:
आप्पा, तुमचं धुळं तरी जवळ. आम्ही नंदुरबार जिल्ह्यातले लोक एका तारखेसाठी पहाटे तीनला निघतो. वकील म्हणतो बोर्डावर आहे, संध्याकाळी कळतं पुकारा झालाच नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांची सोय झाली. जळगाव, धुळे, नंदुरबारने काय पाप केलंय?

चाळीसगावकर:
अगदी मनातलं बोललात. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा आमचा रस्ताच तुटला. घाटापलीकडे न्याय आणि अलीकडे आपण. खान्देशला बेंच मिळालंच पाहिजे.

यावल, वकिलीत वीस वर्षं:
ई-फायलिंग आहे, ऑनलाइन सुनावणीही आहे. प्रत्येक तारखेला पक्षकाराने हजर राहायची गरज नसते. आणि बेंच कुठे द्यायचं, जळगावला की धुळ्याला? यावर तुमचंच आधी एकमत होणार नाही.

शहादेकर:
वकीलसाहेब, ऑनलाइन तुम्हाला. आमचा म्हातारा बाप कोर्टात जाऊन जजसाहेबांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानत नाही, त्याला मोबाईल दाखवू का? बापनी जागा शे, आनि आमलेच बांधता येत नही, हे दुखणं तुम्हाला कळायचं नाही.

यावल, वकिलीत वीस वर्षं:
दुखणं कळतं म्हणूनच लिहितोय. आवाज चढवून मुदत वाढत नाही.

चोपड्याची ताई:
सगळे अर्जदाराच्याच बाजूने बोलताय, शेजाऱ्याचं कुणी ऐकणार का? आमच्या लगतच्या प्लॉटवर सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) न सोडता तीन मजले चढले. विचारलं तर म्हणतो, "६० दिवसांत पालिकेचं उत्तर आलं नाही, मानीव परवानगी मिळाली, म्हणजे मिळाली असंच धरायचं." माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला की त्याच्या भिंतीला लागतो. दुपारी बारालाही दिवा लावून भाकरी थापते. नकार देणारा अधिकारी दर वेळी लबाडच असतो का?

यावल, वकिलीत वीस वर्षं:
ताई, तो चुकीचं सांगतोय. प्रस्ताव विकास नियंत्रण नियमात काटेकोर बसत असेल तरच मानीव परवानगी धरता येते. अंतरच सोडलं नसेल तर ६० काय, ६०० दिवस झाले तरी उपयोग नाही. विनापरवाना बांधकामावर कलम ५३ खाली कारवाई करा असा लेखी अर्ज पालिकेत द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

भुसावळकर:
आप्पा, एक सरळ विचारतो. आदेश रद्द झाला, पुढे परवानगी मिळाली का?

धुळेकर आप्पा:
नाही. पालिकेने फेरविचार करून पुन्हा नाकारली. या वेळी पांझरेच्या पूररेषेचं कारण लिहून.

भुसावळकर:
मग जिंकलात काय?

धुळेकर आप्पा:
कारण तरी लिहून घेतलं! तुमच्या भावाला कोर्टातून तेवढंही मिळालं नाही. बरं, पूररेषेचं त्यांचं म्हणणं खोटं नाही, हे मान्य करतो. पुराचं पाणी मी पाहिलंय. पण अपील आधी, हे तुमचं म्हणणं अर्धंच मानतो. बिनकारणाच्या आदेशावर रिट चालते.

यावल, वकिलीत वीस वर्षं:
चालू शकते. पण त्या आशेवर ४० दिवस घालवू नका. भुसावळकर, तुमच्या भावाचा प्रश्न रस्त्याचा आहे. अंतिम विकास योजना लागू होऊन १० वर्षं झाली असतील तर पालिकेला कलम १२७ ची नोटीस द्या. २४ महिन्यांत त्यांनी जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर जागेवरचं रस्त्याचं आरक्षण संपतं. ही वाट अजून उघडी आहे.

भुसावळकर:
हे आम्हाला तेव्हा कुणीच सांगितलं नाही. उद्या जागेचा झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा काढतो.

शहादेकर:
वकीलसाहेब, मघाशी तापलो. आमचंही नकाराचं पत्र आलंय. पत्रावर तारीख ३ ची आहे, हातात पडलं १९ ला. दिवस कुठून मोजायचे?

यावल, वकिलीत वीस वर्षं:
आदेश कळवल्यापासून. पाकीट फेकलंत का? त्यावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा. तरी ३ तारखेपासूनच मोजा आणि ते ४० दिवस संपायच्या आत अपील दाखल करा.

शहादेकर:
पाकीट आहे. आईने त्यात लाईटबिलं ठेवली होती.