मदत हवी आहे: गोदामातलं ओबीएमचं काम आणि बिहेवियर अ‍ॅनालिस्टचं लायसन्स

रानपाखरू

मंडळी, अमेरिकेत या क्षेत्रात असलेल्यांनी जरा मदत करा. माझ्याकडे बीसीबीए (वर्तन-विश्लेषकाचं प्रमाणपत्र) आणि न्यू जर्सीचं बिहेवियर अ‍ॅनालिस्टचं लायसन्स आहे. आता ओबीएमची, म्हणजे कंपन्यांमधल्या कामाच्या वर्तनावरची, तीन कामं समोर आहेत.

क) पेनसिल्व्हेनियातलं एक गोदाम. वजन उचलताना पाठ वाकवणं, फोर्कलिफ्ट वळवताना हॉर्न न देणं. निरीक्षण, तक्ता, सुपरवायझरांना फीडबॅक द्यायला शिकवणं.

ख) टेक्सासमधलं एक एबीए (उपयोजित वर्तन-विश्लेषण; ऑटिझमच्या मुलांच्या उपचारात वापरतात ते) क्लिनिक. आरबीटी (मुलांची सत्रं घेणारे तंत्रज्ञ) मंडळी सत्राचा डेटा दोन-दोन दिवस उशिरा भरतात. काम व्हिडिओवरून, न्यू जर्सीत बसून.

ग) त्याच गोदामाच्या एचआरची पुरवणी मागणी: एक सुपरवायझर फार तापट आहे, त्याच्याबरोबर आठवड्याला एक तास बसाल का?

माझं लायसन्स त्या दोन राज्यांत चालतं का? की अशा कामाला लायसन्स लागतच नाही? दोन माहीतगारांनी दोन टोकाची उत्तरं दिली आहेत. शिवाय व्हिडिओ पाहून नोंदी करायचं काम पुण्यातल्या दोघी करणार आहेत. त्यांना काही लागतं का?

कलमबहाद्दर

पहिला प्रश्न सोपा आहे. न्यू जर्सीचं लायसन्स डेलावेअर नदी ओलांडली की संपलं. आणि व्हिडिओवरच्या कामात तुम्ही कुठे बसलात यापेक्षा सेवा घेणारा कुठे आहे हे लायसन्स देणारं राज्याचं बोर्ड पाहतं, त्यामुळे टेक्साससाठी टेक्सासचाच कायदा बघायचा. पीएसवायपॅक्टचं (दुसऱ्या राज्यांत काम करू देणाऱ्या आंतरराज्य कराराचं) नाव कोणी सुचवलं असेल तर ते सायकॉलॉजिस्टांसाठी आहे, बीसीबीएला त्याचा उपयोग नाही.

दुसऱ्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर नाही, आणि तुम्हाला दोन उत्तरं मिळाली ती त्यामुळेच. हे कायदे आले ऑटिझमच्या विम्यामुळे. राज्यांनी विमा कंपन्यांना एबीएचा खर्च द्यायला लावला, मग पैसे नेमके कोणाला द्यायचे हे ठरवायला लायसन्स आलं. नेवाडा आणि ओक्लाहोमा 2009 मध्येच पुढे आले. टेक्सासचा कायदा 2017 चा, सक्ती 1 सप्टेंबर 2018 पासून. कायदा लिहिताना डोळ्यासमोर होतं क्लिनिकमधलं मूल. पण एबीएची व्याख्या मात्र ऐसपैस लिहिली गेली: माणसाच्या वर्तनात सामाजिकदृष्ट्या महत्त्वाची सुधारणा व्हावी म्हणून परिसरात केलेले बदल, त्यांची आखणी, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. हेल्मेट घालायला लावणारी पाटीसुद्धा यात बसते!

म्हणून व्याख्या वाचून घाबरू नका आणि तिथेच थांबूही नका. कायद्यात चार जागा शोधा: व्याख्या, स्वतःला कोणतं पदनाम लावायला बंदी आहे ते कलम, लायसन्सशिवाय काय करायला बंदी आहे ते कलम, आणि सवलतींची यादी. त्यानंतर बोर्डाचे नियम वेगळे उघडा, कारण कायद्यात मोघम सोडलेलं तिथे घट्ट केलेलं असतं.

सवलतींच्या यादीत हवं ते वाक्य सापडतं का बघा. एपीबीएच्या (वर्तन-विश्लेषकांच्या व्यावसायिक संघटनेच्या) नमुना कायद्यात ते असं आहे: संस्थांना सर्वसाधारण वर्तन-विश्लेषणाची सेवा देणाऱ्याला सूट, सेवा संस्थेच्या फायद्यासाठी असेल *आणि* त्यात व्यक्तींना थेट सेवा नसेल तर. या 'आणि'पुढची अट वाचायचीच राहून जाते. काही राज्यांनी हे वाक्य जसंच्या तसं उचललं, काहींनी घेतलंच नाही. त्यामुळे 'अमुक राज्यात चालतं म्हणजे तमुक राज्यात चालेल' हा हिशोब धरू नका.

पेनसिल्व्हेनियाची गोष्ट निराळी आहे. तिथलं बिहेवियर स्पेशालिस्टचं लायसन्स 2008 च्या अ‍ॅक्ट 62 मधून आलं, ते मेडिसिनच्या बोर्डाकडे आहे आणि त्याचं नातं ऑटिझमच्या उपचाराशी आहे. गोदाम त्याच्या वाटेत येत नाही. पण तिथला सायकॉलॉजिस्टांचा कायदा जरूर वाचा. का ते खाली लिहितो.

मोजपट्टी

+१. आता तुमची तीन कामं.

(क) संस्थेसाठीचं काम आहे, जोवर तुम्ही ते तसंच ठेवाल तोवर. बिघडतं कसं? तक्त्यावर नाव-आडनाव येतं, मग एचआर म्हणतं, 'या चौघांशी तुम्हीच बोला.' चार फेऱ्यांत ते वैयक्तिक सेवेसारखं दिसू लागतं. म्हणून नोंद पाळी आणि जागेनुसार ठेवा: 'डॉक 3, दुपारची पाळी, 20 उचलण्यांपैकी 13 सुरक्षित'. कामगाराला फीडबॅक त्याच्या सुपरवायझरने द्यायचा, तुम्ही सुपरवायझरांना गटाने शिकवायचं.

अवांतर, पण महत्त्वाचं: बक्षीस 'शून्य अपघाता'वर ठेवू नका, नाहीतर लोक अपघात लपवतात. 2016 पासून ओशाच्या (कामाच्या जागेची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) नियमात दुखापत कळवणाऱ्याविरुद्ध सूड घ्यायला स्पष्ट बंदी आहे. 2018 च्या खुलाशात बक्षीस योजनांना मनाई नाही म्हटलंय, पण दुखापत कळवणं मागे पडणार नाही याची सोय कंपनीने केलेली हवी. सुरक्षित उचलण्या आणि कळवलेले थोडक्यात टळलेले प्रसंग मोजा, बक्षीस त्यावर.

(ख) दिसायला सगळ्यात निरुपद्रवी, पण माझ्या मते तिघांत हेच नाजूक. डेटा भरण्याची वेळ हा कर्मचाऱ्यांच्या कामाचा प्रश्न आहे. पीडीसी-एचएस (कर्मचाऱ्यांचं काम कुठे अडतं ते शोधणारी प्रश्नावली) घेऊन सुपरवायझरची मुलाखत घ्या. त्याचे चार भाग आहेत: प्रशिक्षण; कामाची स्पष्टता आणि आठवण; साधनं आणि प्रक्रिया; परिणाम, लागणारे कष्ट आणि स्पर्धा करणारी इतर कामं. माझा अंदाज शेवटच्या दोन भागांवर आहे. दोन सत्रांमध्ये पाच मिनिटंही मोकळी नसतील तर डेटा कधी भरणार? वेळापत्रकात दहा मिनिटं घाला, प्रशिक्षण नंतर. इथवर ठीक. पण उद्या तुम्ही 'या मुलासाठी मोजणीची पद्धत बदला' म्हणालात की तुम्ही टेक्सासमधल्या मुलाच्या उपचारात हात घातला. ते तिथल्या लायसन्सधारक बीसीबीएने ठरवायचं. व्हिडिओत मुलं दिसत असतील तर पालकांची संमती आणि हिपा (आरोग्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) हेही आलंच.

(ग) नाही म्हणा.

तिरकस

गंमत बघा. एमबीएवाला हेच काम 'परफॉर्मन्स कन्सल्टिंग' म्हणून करतो, त्याला कोणी विचारत नाही. वर्तनाचं शास्त्र शिकलेल्याने मात्र चार कायदे वाचायचे. म्हणून ओबीएमवाले स्वतःला बिहेवियर अ‍ॅनालिस्ट म्हणवून घेणंच सोडतात. कायद्याने ग्राहकाचं रक्षण झालं की फक्त कार्डावरचं नाव बदललं?

कलमबहाद्दर

@तिरकस, निम्मं पटलं. शिकलेल्यावर जास्त ओझं आहे हे खरं, कारण बोर्ड परवाना काढून घेऊ शकतं ते परवाना असलेल्याचाच. पण एमबीएवालाही तितकासा मोकळा नाही. एपीएच्या (अमेरिकेतल्या सायकॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या) 2010 च्या नमुना कायद्यात सायकॉलॉजीच्या व्याख्येतच व्यक्ती, गट आणि संस्थेची कामगिरी वाढवणं आलेलं आहे. ज्या राज्यांनी ती व्याख्या जवळपास तशीच घेतली तिथे सगळं सवलतींवर आणि तुम्ही स्वतःला काय म्हणवता यावर येऊन थांबतं. 'इंडस्ट्रियल सायकॉलॉजिस्ट' असं छापणं त्यात सगळ्यात धोक्याचं, कारण 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्द बहुतेक ठिकाणी राखीव आहे. रानपाखरूंना सायकॉलॉजीचा कायदा वाचायला सांगितलं ते याचसाठी.

रानपाखरू

खूप आभार, डोक्यातला गुंता बराच सुटला. (ग) ला नाही म्हणते. पण एचआरला कारण काय देऊ? आणि करारात नेमकं काय लिहू?

मोजपट्टी

एचआरला एक ओळ पुरे: 'एका व्यक्तीबरोबरचं काम माझ्या कराराच्या बाहेर आहे आणि या राज्यातला परवाना माझ्याकडे नाही; कंपनीच्या ईएपीकडून (कर्मचारी-मदत योजनेकडून) स्थानिक परवानाधारकाकडे पाठवा.' त्या सुपरवायझरच्या पाळीत ओरडणं कधी वाढतं, ट्रक उशिरा आल्यावर की माणसं कमी असताना, हे पाळीच्या पातळीवर बघणं तुमच्या कक्षेत आहे. पुष्कळदा खरं दुखणं तिथेच असतं.

करारात एवढं हवंच:
ग्राहक म्हणून कंपनीचं नाव, कामगारांचं नाही. उद्देश सुरक्षितता किंवा प्रक्रिया, मोजता येईल असा. 'निदान, चाचणी, समुपदेशन, थेरपी आणि व्यक्तीला थेट सेवा यात नाही' हे वाक्य. डेटा गटाचा, आणि तो शिक्षेसाठी वापरायचा नाही. हे शेवटचं नसेल तर पहिल्या महिन्यातच निरीक्षणाचे आकडे खोटे यायला लागतात.

सूट मिळाली तरी बीएसीबीची (बीसीबीए देणाऱ्या संस्थेची) आचारसंहिता सुटत नाही. 1.02 कायद्याचं पालन, 1.05 स्वतःच्या कुवतीच्या कक्षेत राहणं, 3.04 सेवा-करार, ही तीन कलमं करार लिहिताना शेजारी उघडी ठेवा. तुमचा सगळा अनुभव मुलांबरोबरचा असेल तर 1.05 साठी पहिल्या गोदामात ओबीएम केलेल्या कोणाची तरी देखरेख घ्या.

विमा: क्लिनिकने काढलेली पॉलिसी सल्ल्याच्या कामाला बहुधा पुरणार नाही. स्वतःची 'एरर्स अँड ओमिशन्स' (कामातल्या चुका-त्रुटींसाठीची) पॉलिसी घ्या आणि कामाचं वर्णन देऊन विमा कंपनीचा होकार लेखी मागा.

कलमबहाद्दर

बोर्डालाही एक ईमेल टाका. नाव-गाव, कामाचं पाच ओळींत वर्णन आणि एकच प्रश्न: 'हे काम अमुक कलमातल्या सवलतीत बसतं का?' 'आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही' असं उत्तर येईल. तेही जपून ठेवा, विचारलं होतं याचा तो पुरावा आहे. रक्कम मोठी असेल तर त्या राज्यातल्या वकिलाला दोन तासांचे पैसे द्या आणि मत कागदावर घ्या.

पेठकर

पुण्याच्या दोघींबद्दल. त्या फक्त व्हिडिओ पाहून ठरलेल्या व्याख्येनुसार खुणा करत असतील, तर ते डेटाचं काम आहे. भारतात आज त्यासाठी परवाना लागत नाही. मात्र 2021 च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्य गटात 'बिहेवियरल अ‍ॅनालिस्ट' हे नाव आहे, म्हणून त्यांचं पदनाम 'डेटा कोडर' ठेवा. आणि त्या पुढे बीसीबीए करायचं म्हणत असतील तर आधीच सांगा: 1 जानेवारी 2023 पासून भारतात राहणाऱ्यांचे अर्ज बीएसीबी घेत नाही. इथून करायचं तर आयबीए (दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र) वगैरे पर्याय आहेत, पण त्याने अमेरिकेतल्या राज्यांचं लायसन्स मिळेल असं धरू नये.

कोडिंग सुरू करण्याआधी दोघींकडून तेच 30 मिनिटांचं चित्रण वेगवेगळं नोंदवून घ्या. जुळणी 80 टक्क्यांच्या खाली आली तर दोष त्यांना देऊ नका, 'वाकणं' म्हणजे नक्की किती वाकणं ते पुन्हा लिहा.