प्रतिसाद: पावसाळ्यात घटलेल्या नोंदी

वटवाघळांचे, माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज टिपणाऱ्या यंत्रात पावसाळ्यात नोंदी निम्म्यावर आल्या म्हणजे वटवाघळं कमी झाली, हा आधीच्या पोस्टमधला निष्कर्ष घाईचा वाटतो. आधी मायक्रोफोन तपासा. ओलाव्यानं त्याची संवेदनशीलता हळूहळू उतरते, फाइल मात्र बनत राहतात, म्हणून बिघाड कळतच नाही. दर महिन्याला ४० किलोहर्ट्‌झच्या कॅलिब्रेटरनं (ठरावीक जोराचा आवाज काढणाऱ्या उपकरणानं) मायक्रोफोनवर येणारी पातळी मोजून लिहून ठेवा. मायक्रोफोन पानांपासून नि भिंतीपासून दूर, तोंड किंचित खाली, म्हणजे पाणी साचत नाही.

सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) २५६ ऐवजी ३८४ किलोहर्ट्‌झ ठेवा; २५६ वर त्याच्या निम्म्या, म्हणजे १२८ किलोहर्ट्‌झपर्यंतचेच आवाज टिपले जातात, काही जाती त्याच्याही वर बोलतात. रातकिड्यांच्या आवाजानं मेमरी कार्ड मध्यरात्रीच भरत असेल, तर ट्रिगरची (आवाज आला की नोंद सुरू करणाऱ्या सेटिंगची) किमान वारंवारता वाढवा, पण मग ती वर्षभर तीच हवी.