कूलर आणि वळवानंतरची चिकचिक
कूलर लावूनही अंग चिकटच राहतं म्हणताय, तर आधी खिडकी बंद असते का बघा. दमट हवा बाहेर गेली नाही की खोलीची पार न्हाणी होते. आमच्या सांगलीत एप्रिलच्या कोरड्या दुपारी कूलर झकास चालतो, पण वळीव पडून गेला की काही खरं नाही. हवेतच ओल असल्यावर त्याच्या जाळीवरचं पाणी उडणार कुठे? तेव्हा मी पंप बंद करून नुसता पंखा ठेवते, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. घाम वाळला तरच गार वाटतं ना! स्लॅबखालची खोली मात्र रात्रीसुद्धा धग सोडत नाही. आम्ही सरळ खाली सोप्यात गाद्या टाकतो. उन्हाळा आवडतो म्हणणाऱ्यांनी खुशाल वर झोपावं.