मदत हवी आहे: सासूबाईंच्या रिपीट प्रिस्क्रिप्शनसाठी प्रॉक्सी ॲक्सेस (इंग्लंड)

नमस्कार मंडळी. सासूबाई आमच्याकडे लेस्टरला असतात, वय ७२. बीपी आणि थायरॉईडच्या गोळ्या दर २८ दिवसांनी लागतात. सर्जरी (म्हणजे जीपीचा, फॅमिली डॉक्टरचा दवाखाना) फोनवर ऑर्डर घेत नाही, एनएचएस ॲप (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं ॲप) वापरा म्हणते. आईंना इंग्रजी जमत नाही, आणि त्यांचं लॉगिन मी वापरणं मला पटत नाही. प्रॉक्सी ॲक्सेस, म्हणजे त्यांच्या वतीने माझ्या लॉगिनमधून गोळ्या मागवायची परवानगी, कुणी घेतलाय का? कोणती कागदपत्रं मागितली? आईंना स्वतः जावं लागेल का?

मागच्या महिन्यात बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) आला आणि थायरॉईडची गोळी तीन दिवस चुकली. फार जीव तुटला. अशा वेळी १११ ला (एनएचएसची फोन हेल्पलाइन) विचारता येतं, हे नंतर कळलं.

शिवाय दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या तारखांना संपतात. त्या जुळवून घ्यायला फार्मसीत सांगायचं की सर्जरीत?